ऊन कमी पडेल, अशी हरकत

आमच्या गल्लीच्या विरोध समितीचा मी सचिव होतो. मला समितीत घेतलं ते माझं अक्षर बरं आहे म्हणून, आणि मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणून. नकाशा वाचता येणारा एक माणूस जवळ असावा, असं अध्यक्षांचं मत होतं. अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातले, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आमचा विरोध गल्लीमागच्या बंद जिनिंग कारखान्याच्या जागेवर होणाऱ्या चौदा मजली इमारतींना होता. हे आधीच सांगून टाकतो. त्याच्याबरोबर हेही सांगतो, की विरोधाचे अर्ज लिहीत असताना त्यातली एक इमारत मला मनातून हवी होती. तिच्यात घर घ्यायचं नव्हतं. तिची सावली हवी होती.

परभणी जिल्ह्यात राहिलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही. इतरांसाठी सांगतो. आमचं घर पश्चिमेला तोंड करून आहे. वरच्या मजल्यावर गल्लीच्या बाजूला स्वयंपाकघर काढलं, ते माझ्याच सांगण्यावरून. हवा येईल असं मी म्हणालो होतो. हवा येते, पण तिच्याआधी ऊन येतं. मार्च संपला की दुपारनंतर त्या भिंतीला हात लावता येत नाही. बायको म्हणते, तवा ठेवायची गरज नाही, भाकरी भिंतीलाच थापावी. ती हे हसून म्हणत नाही.

कारखान्याला गावात सगळे नुसतं 'जीन' म्हणतात. आमच्या लहानपणी ते चालू होतं. जिंतूरच्या, वालूरच्या बाजूने कापसाच्या गाड्या यायच्या, आवारात कापसाच्या गंज्या लागायच्या आणि सरकीचा वास गल्लीत कायम असायचा. पत्र्याच्या लांब, बुटक्या शेड होत्या. जीन बंद पडल्यावर आत येड्या बाभळी वाढल्या, शेडचे पत्रे एकेक करून कमी झाले आणि गल्लीत काही घरांवर तशाच रंगाचे पत्रे दिसू लागले. त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही. मग एका सकाळी भिंतीवर भला मोठा फलक लागला. त्यावर चौदा मजली इमारती, निळं तळं आणि तळ्याकाठी कुत्र्याला फिरवणारी एक बाई होती. गावात सगळ्यात उंच काय, तर पाण्याची टाकी. तीही बहुतेक वेळा रिकामी.

पहिली बैठक विहाराच्या ओट्यावर झाली. कंडक्टर उभे राहून बोलले. बसून बोलायची त्यांना सवयच नाही.

"पाथरीच्या जीपला गर्दी असली तर मानूस टपावर बसतो. पर चौदा मजले वर बसंल का? आन् बसला तर त्याला पानी कोन देनार? आपल्याला खाली येत न्हाई, त्याला वर चढवनार हायेत!"

सगळे हसले आणि मी 'पाणीपुरवठा' असं लिहून घेतलं. मग सांडपाणी, मग रस्ता. गल्लीतून दोन ऑटो समोरासमोर आले तर एक मागे जातो, तिथे शेकडो गाड्या कुठून जाणार, हे सगळ्यांना पटलं. माझा कागद भरत आला तेव्हा मागून आक्का बोलली.

"सर, ऊन लिवा."

आक्काचं घर जिनाच्या भिंतीला लागून आहे. मधे भिंत आणि पलीकडे जीन. तिच्या स्लॅबला ती अजून माळवदच म्हणते. त्या माळवदावर ती माघापासून वैशाखापर्यंत कुरडया घालते. आमच्या जिल्ह्यातून पुण्याला, संभाजीनगरला गेलेली जी पोरं आहेत, त्यांच्या घरच्या डब्यांत बहुतेक तिच्याच कुरडया असतात. नवरा गेल्यापासून तिचं घर यावरच चालतं. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, दळून पिळून चीक काढायचा, तो पहाटे शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्याने गाळून धुतल्या लुगड्यांवर घालायच्या. पुढचं काम उन्हाचं.

"इमारत झाली की दुपारपून सावली येनार माझ्या माळवदावर," आक्का म्हणाली. "पयल्या दिशी चार वाजस्तोवर ऊन न्हाई मिळालं तर कुरडई आतून आंबती. मग तळा न्हाईतर काय बी करा, फुलत न्हाई. दाताला बसती."

"आक्का, तुमी तर सासूबाईपेक्षा वरचढ निघाल्या," कंडक्टर म्हणाले. "त्या जीन चालू होतं म्हनून भांडायच्या, तुमी बंद झालं म्हनून भांडायलाव."

हे खरं होतं. जीन चालू असताना त्याची रुई उडून वाळवणावर बसायची. आक्काच्या सासूने त्यावरून जिनाच्या मॅनेजरला फाटकात गाठून ऐकवलं होतं, की कुरडईतून कापूस खायला आम्ही काय गादी आहोत का. त्यानंतरही रुई उडतच राहिली. पण मॅनेजरच्या घरची कुरडई मात्र दरवर्षी तिच्याकडूनच जायला लागली.

मी शेवटच्या ओळीत लिहिलं: सदर इमारतींमुळे लगतच्या घरांवर पडणारे ऊन कमी होईल.

नगरपालिकेच्या खिडकीवरच्या बाबूने अर्ज वाचला. पाणी, सांडपाणी, रस्ता इथपर्यंत त्याचा चेहरा नेहमीसारखा होता. शेवटच्या ओळीवर तो थांबला आणि त्याने शेजारच्याला बोलावलं. शेजारच्याने वाचून माझ्याकडे पाहिलं. एप्रिलचा महिना होता. माझा सदरा पाठीला चिकटलेला होता आणि डोक्यावर ओला रुमाल होता.

"सर," बाबू म्हणाला, "परभणी जिल्ह्यात ऊन कमी पडंल, अशी हरकत हाय ही?"

मी हो म्हणालो. त्याने शिक्का मारला आणि अर्ज पंख्याखाली ठेवला.

आता माझ्या मनात हे कसं आलं ते सांगतो. सावली नेमकी कधी आणि कुठवर पडेल हे समितीला हवं होतं. मी शाळेच्या मैदानात काठी रोवून तिची सावली वेगवेगळ्या वेळी मोजली आणि घरी येऊन हिशेब मांडला. आक्काच्या माळवदावर सावली भर दुपारीच येत होती. तिथे थांबायला हवं होतं. पण कागदावर जागा शिल्लक होती म्हणून मी रेघ पुढे ओढली. ती गल्ली ओलांडून माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आली. तीनच्या सुमाराला. म्हणजे भिंत नीट तापायच्या आधीच.

मी तो कागद बायकोला दाखवला. दाखवायला नको होता. तिने नीट पाहिला, रेघेवरून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "मग फ्रीज त्या भिंतीला ठेवता येईल."

त्यानंतर ती त्या सावलीबद्दल असं बोलू लागली, जसं लग्न ठरलेल्या मुलीच्या सासरबद्दल बोलतात. फार नाही, पण अधूनमधून. पडदा लागणार नाही. दुपारी पीठ मळता येईल. मी ऐकून घ्यायचो आणि खाली जाऊन समितीचा पुढचा अर्ज लिहायचो. अर्ज चांगले उतरत होते. मन एकीकडे आणि हात दुसरीकडे असला की भाषा जास्त ठाम होते, असा माझा अनुभव आहे. आक्का भेटली की विचारायची, "सर, ऊन लिवलं न्हवं?" मी लिहिलं म्हणून सांगायचो आणि तिच्या पायांकडे बघायचो.

बाकीच्या हरकती एकेक करून गळाल्या. पाण्यासाठी इमारती बांधणारा गुत्तेदार स्वतःचे बोअर घेणार होता, तसा कागद त्याने जोडला. सांडपाण्याचाही कागद होता. रस्ता अजून मोजायचा होता. उन्हाचा कागद कुणाकडेच नव्हता, म्हणून ती हरकत शिल्लक राहिली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक साहेब स्वतः जागा बघायला येणार, असं पत्र आलं. वेळ दुपारची.

कंडक्टर त्या दिवशी फार आनंदात होते. "त्याला बरोबर उन्हातच आनतेत बगा. डोळ्यानं बगू दे."

सगळं ठरलं. साहेबांना गल्लीत उभं करायचं, आक्काचं माळवद दाखवायचं, माझा सावलीचा नकाशा द्यायचा. निघता निघता कुणीतरी विचारलं, साहेब बसणार कुठे?

मग एक जण म्हणाला, चार खुर्च्या टाकू. दुसरा म्हणाला, उन्हात? तिसरा म्हणाला, सरकारी माणूस आहे, चक्कर येऊन पडला तर? कंडक्टर एकदम गंभीर झाले.

"गल्लीच्या इज्जतीचा सवाल हाय. पाव्हना येनार आन् आपन त्याला मे महिन्यात उघड्यावर बसवनार? उद्या परभणीत जाऊन काय सांगंल?"

मलाही ते पटलं. मला तर सगळ्यात जास्त पटलं, कारण माझ्या मनात जे चाललं होतं त्याची भरपाई म्हणून मी त्या दिवसांत कुठलंही काम अंगावर घेत होतो. मांडववाल्याकडे मीच गेलो. आक्काच्या दारापासून माझ्या दारापर्यंत दुहेरी कापडाचा मांडव घालून घेतला. कुणीतरी कूलर आणून ठेवला. कुणी खाली पाणी मारलं. माठ आले, मठ्ठा आला. दुपारी मी गल्लीत येऊन पाहिलं, तर इतकी गार जागा त्या वेळी आख्ख्या तालुक्यात नसेल. सावलीच्या विरोधात आम्ही गल्लीभर सावली केली होती. हे कुणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मी कूलरचं तोंड साहेबांच्या खुर्चीकडे वळवत होतो.

साहेब गाडीतून उतरले ते घाम पुसतच. मांडवात आले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. मठ्ठा प्यायले. आक्काने कुरडया तळून पाठवल्या होत्या, त्या खाल्ल्या. गुत्तेदाराचा माणूस त्यांच्याबरोबर आला होता, पांढरा सदरा घातलेला, पुण्याकडची भाषा बोलणारा. तोही मठ्ठा प्यायला आणि काही बोलला नाही. त्याला बोलायची गरज नव्हती.

"वा," साहेब म्हणाले. "इथे किती छान वाटतंय हो. बाहेर नुसती आग आहे." मग त्यांनी फाइल उघडली. "हं. तर तुमची हरकत काय आहे? सावली पडेल ही?"

गल्लीतली सगळी माणसं वर कापडाकडे बघू लागली. मला वाटतं आम्हाला सगळ्यांना ते एकाच वेळी कळलं. कंडक्टरांनी घसा खाकरला. त्यांनी माझ्याकडे हात केला.

"सचिव सांगतेत."

मी उभा राहिलो. नकाशा उघडून दाखवला. सावली कशी सरकत येते ते सांगितलं. साहेबांनी ती रेघ शेवटपर्यंत बघितली आणि विचारलं, "हे शेवटचं घर कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

"तुम्हाला स्वतःला यामुळे काय त्रास होणार आहे?"

खोटं बोलायला वेळ होता. मी शिक्षक आहे, विद्यार्थ्यांच्या हजेरीबद्दल त्यांच्या पालकांशी मी अनेकदा खरं-खोटं बोललो आहे. पण आक्का समोर बसली होती आणि तिने मान हलवून मला धीर दिला. त्या मान हलवण्याने माझं सगळं बिघडलं.

"मला काही त्रास नाही," मी म्हणालो. "माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन वाजता सावली येईल. खरं सांगायचं तर मला ती हवी आहे. हिला फ्रीज ठेवायचाय तिथे. पण आक्काला ऊन पाहिजे. हरकत आक्काची आहे."

गुत्तेदाराच्या माणसाने पहिल्यांदाच काहीतरी लिहून घेतलं. कंडक्टर माझ्या मागून हळूच म्हणाले, "सर, तुमाला बोला म्हनलं होतं, कबुलीजबाब द्या न्हवतं म्हनलं."

तेव्हा बायको बोलली. ती मठ्ठ्याचे रिकामे पेले गोळा करायला आली होती. या विषयावर चारचौघांत ती बोलेल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती, माझी तर नव्हतीच.

"साहेब, सावलीचं काय एवढं," ती म्हणाली. "सावली भाड्यानं मिळती. ही तुमच्या डोक्यावर हाय ती मांडववाल्याची हाय. सांजच्याला गुंडाळून नेतो. ऊन भाड्यानं देनारा कोन हाय का तुमच्या वळखीत?"

साहेबांनी फाइल मिटली.

"असंल तर सांगा," ती म्हणाली. "आक्काला पत्ता देते." आणि पेले घेऊन आत गेली.

मग मात्र साहेब उठले. आक्काने त्यांना जिन्याने माळवदावर नेलं. मांडवातून बाहेर पडून त्या स्लॅबवर पाय ठेवताच ते दोन पावलं मागे आले. बूट घालूनही. आक्का अनवाणी होती. सकाळी घातलेल्या कुरडया लुगड्यावर रांगेने पडल्या होत्या, कडा पांढऱ्या झालेल्या, मधे अजून ओलसर. तिने एक उलटून दाखवली. साहेबांनी बोट लावून बघितलं. खाली आल्यावर गाडीत बसण्याआधी त्यांनी विचारलं, विकत मिळतील का. आक्काने बांधून दिल्या.

त्या दिवशी बायकोचं बोलणं ऐकून माझे डोळे भरून आले होते. ते मी तिला सांगितलं. म्हटलं, तू आक्कासाठी तुझी सावली सोडलीस.

"कुणासाठी न्हाई," ती म्हणाली. "रागात बोलले. माझं स्वयंपाकघर साहेबापुढं कशाला काढलं? भिंत तापती, फ्रीज कुठं ठेवायचा, हे आता जिल्ह्याला कळलं."

निकाल यायला पुढचा पाऊसकाळ उलटला. गल्लीच्या बाजूच्या इमारतीला चौदाऐवजी सात मजल्यांची परवानगी मिळाली. पलीकडच्या चौदाच राहिल्या. कारण लिहिलं होतं रस्त्याची रुंदी. साहेबांनी रस्ता मोजला होता, बहुधा मांडवाच्या खांबांमधून गाडी मागे घेताना. उन्हाबद्दल एक अक्षरही नव्हतं. कंडक्टरांनी गल्लीत पेढे वाटले आणि अर्धी तिकिटं तरी वाचली म्हणाले.

मी पुन्हा काठी घेऊन हिशेब केला. आता सांगायला सोपं झालं आहे, कारण इमारत उभी आहे आणि हिशेब बरोबर निघाला. आक्काच्या माळवदावर दुपारी अडीचच्या सुमाराला सावली येते. पापडाला ते चालतं, कुरडईला नाही. आमच्या गच्चीवर आणि स्वयंपाकघरावर ती साडेचारपर्यंत येत नाही. तोवर भिंतीचं तापून झालेलं असतं. म्हणजे जिला ऊन हवं होतं तिला सावली मिळाली, आणि ज्याला सावली हवी होती त्याच्याकडे ऊन शिल्लक राहिलं. सातऐवजी चौदा झाले असते तर आमचं दोघांचंही ऊन गेलं असतं, हे मी आक्काला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग तुमचं माळवद रिकामंच हाय की."

हे मला सुचायला हवं होतं. मला नकाशा काढता येतो, पण एवढं सुचलं नाही.

गेल्या माघापासून आक्का आमच्या गच्चीवर कुरडया घालते. पहाटे तिच्याकडे चीक शिजतो, ते गरम पातेलं आक्का आणि बायको गल्ली ओलांडून आमच्या जिन्यावरून वर नेतात, आणि बायकोही सोऱ्या धरते. फ्रीज होता तिथेच आहे. दुपारी गल्लीत मात्र चैन असते. आक्काच्या दारापुढे नव्या इमारतीची दाट सावली पडते, तिथे बाया धान्य निवडायला बसतात, कंडक्टर खुर्ची टाकून जुन्या गाड्यांच्या गोष्टी सांगतात. ज्या सावलीविरुद्ध सह्या केल्या, तिच्यात सगळे सह्या केलेलेच लोक बसतात. बायकोही जाऊन बसते. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मी जात नाही. सुट्टीच्या दिवशी कावळे हाकायचं काम मी मागून घेतलं आहे. आक्का नको म्हणाली होती. मला ते बरं वाटतं, एवढंच सांगितलं.

परवा ऊन फारच होतं. मी काठी घेऊन गच्चीच्या कठड्याला टेकून उभा होतो. खालून कंडक्टर ओरडले, "सर, खाली या की! तुमची सावली इकडं आलीय, आमी बसलाव तिच्यात!" गल्ली हसली. मी हात केला. थोड्या वेळाने डोकं ठणकायला लागलं, म्हणून खाली जाऊन छत्री आणली आणि उघडून उभा राहिलो. फार बरं वाटलं.

खालून आक्काने मान वर करून पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "छत्री मिटा. कुरडईवर सावली पडायलीय."

मी मिटली.